पेंटरकाका, ती रेष तुमची आहे

पेंटरकाका, नमस्कार. तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे मला माहितीय, पण तुमची नात वाचून दाखवेल. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय कारण पोस्टरखाली नाव माझं एकटीचं आलं आणि तेव्हापासून मला ते टोचतंय.

नारळी पौर्णिमेसाठी डिजिटल पोस्टर करायला घेतलं तेव्हा म्हण पक्की होती, 'गाव करी ते राव न करी', आणि चित्रही पक्कं होतं, मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसं. कारण रापण एकट्यादुकट्याचं कामच नाही, होडी अर्धगोल फिरून जाळं टाकते आणि मग दोन्ही टोकांना माणसं लागतात, आणि जो हात लावेल त्याला वाटा मिळतो. पण दोन्ही काही केल्या एकत्र बसेना! वर अक्षरं, खाली माणसं, मधे नुसतं आभाळ. रुंदी भरायला म्हणून मी अक्षरांमधलं अंतर वाढवलं, इंग्रजीत ते खपून जातं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे झाले आणि मला ते दिसलंसुद्धा नाही.

तुम्हाला लगेच दिसलं. होडीवर नाव रंगवत होतात, हात पुसलेत, फोन लांब धरून बघितलात आणि म्हणालात, "गो बाय, रेष तुटली तर रापण येतली कशी?"

शिरोरेषा म्हणजेच रापणीची दोरी! अक्षरं तशीही रेषेला लटकतात, जाळ्यासारखी. मी चार दिवस त्याच रेषेकडे बघत होते आणि मला सुचलं नव्हतं.

घरी येऊन इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे पाथ केले, म्हणजे हव्या तशा वळवता येणाऱ्या रेषा केल्या, रेष सलग ओढली, दोन्ही टोकं माणसांच्या हातात दिली. पण आता सगळे शब्द एकमेकांना चिकटले, 'करीतेराव' असं काहीतरी वाचायला येत होतं. परत तुमच्याकडे आले. तुम्ही खडूने फळीवर काढून दाखवलंत, शब्द संपला की दोरीला जरासा झोळ द्यायचा, पुढचा शब्द आला की परत ताणायची. इतकंच. डोळा तिथे आपोआप थांबतो. 'करी'च्या वेलांट्यांवर मी पक्षी बसवणार होते, तेही तुम्ही नको म्हणालात, आणि बरोबरच होतं, वाचणाऱ्याचं लक्ष तिकडेच गेलं असतं.

समुद्राचा निळाही तुम्हीच काढायला लावलात. "सकाळी जाऊन बघ" म्हणालात, गेले, तर काठाजवळचं पाणी मातकट हिरवं. तो रंग घातल्यावर माणसं खरी वाटायला लागली.

साइजची चूक मात्र माझी मलाच कळली, १०८० पिक्सेलचं चित्र ए३ कागदावर छापलं तर फाटतं, म्हणजे कडा चौकोनी-चौकोनी दिसतात, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात, म्हणून माणसं सगळी परत काढली. तुमची रेष तेवढी पाथ असल्यामुळे कितीही मोठी केली तरी तशीच्या तशी राहिली.

काका, मनापासून आभार. आता पुढच्या छपाईत खाली तुमचं नाव येणार आहे. ते मला फॉन्टमध्ये नकोय. होडीवर लिहिता तसं ब्रशने कागदावर लिहून ठेवा, रविवारी येऊन स्कॅन करून घेते.