लग्नांची शूटिंग करणाऱ्या काकांना, कयाकवरून

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीतून, मासेमारी करणाऱ्या आणि ती स्वतःच चित्रित करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही कळू दे, की मला हे शिकवणाऱ्या माणसाची हयात लग्नांची शूटिंग करण्यात गेली आणि तो कधी कयाकमध्ये बसलेला नाही.

कयाकवर एकट्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. कधी वल्हं, कधी रॉड, कधी जाळं. छातीच्या पट्ट्याला कॅमेरा लावला की निम्म्या चित्रात गुडघे येतात. डोक्यावर लावला की मान वळेल तसं चित्र हेलकावतं आणि बघणाऱ्याला गरगरतं. तुम्ही स्टुडिओच्या माळ्यावरून जुन्या लाईट स्टँडचा दांडा काढून दिलात आणि म्हणालात, "मागनं घे. तुझ्या खांद्यावरनं नदी दिसली पायजे." मी उजव्या हाताने गळ फेकतो, म्हणून दांडा डावीकडे, सीटच्या मागे, डोक्यापेक्षा हातभर उंच. कॅमेऱ्याचं तोंड किंचित खाली, म्हणजे अर्धं चित्र आभाळात वाया जात नाही. शिवाय कॅमेऱ्याला दोरी आणि फोमचा तुकडा, सुटलाच तर तरंगायला.

दांड्याचा पाया कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घ्यायला तुम्ही स्वतः आलात. स्टँडच्या स्क्रूचे आटे पाव इंची असतात, हे कारागिराला सांगताना जुन्या ट्रायपॉडचा स्क्रू खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवलात. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावात एवढासा पाया बाहेरून कशाला मागवायचा, असं तुमचं म्हणणं. तेव्हापासून खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून जाताना मला अभिमान वाटतो, आणि त्यात तुमचाही वाटा आहे.

पण सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही सहज बोलून गेलात. अक्षता पडताना सगळ्यांचेच कॅमेरे सुरू असतात. तुम्ही त्याच्या आधी नवरीमागे उभ्या मामाचा चेहरा टिपायचात. नदीवरही तेच करायचं, म्हणालात. मासा वर येतो तो क्षण लहान. त्याच्या आधी पाण्यावर उठणारे बुडबुडे, दोरीला बसलेली हलकी ओढ, आपला रोखलेला श्वास, हे सगळं चित्रात नसेल तर मासा नुसता फोटोपुरता उरतो. पण ओढ बसल्यावर बटण दाबायला हात मोकळा कुठला? त्यावर लूप रेकॉर्डिंग लावायला तुम्ही शिकवलंत. कॅमेरा जुनं पुसत नवं टिपत राहतो आणि मासा हाती आल्यावर थांबवला की शेवटची काही मिनिटं कार्डावर राहतात. कार्ड भरत नाही आणि ओढ बसण्याआधीची शांतताही सुटत नाही. बॅटरी मात्र खर्च होते, म्हणून जोडीला एक भरलेली ठेवतोच.

पावसाळा सरून बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पंचगंगेचं पाणी तुंबून संथ होतं. कयाकला तोच काळ चांगला, पण थंडीतल्या पहाटे नदीवर धुकं असतं. घरातली उबदार, दमट हवा कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ डबीत अडकते आणि नदीवरच्या गारव्यात काचेला आतून दव धरतं. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी डबीत ठेवायची तुमची युक्ती अजून चालू आहे. वाऱ्याच्या खरखरीसाठी माईकवर चढवायचं केसाळ टोपणही तुमच्याच पेटीतलं. कयाक लावल्यावर आधी मिनिटभर नुसता पाण्याचा आणि पाखरांचा आवाज घेऊन ठेवायचा, हेही तुमचंच. तुम्ही सनई-चौघडा वेगळा टिपून ठेवायचात ना, तसंच.

माशाबद्दल तुमची ताकीद मी कधीच मोडणार नाही. रुंद कोनाच्या लेन्ससमोर हात लांब करून मासा धरला की तो दुप्पट दिसतो. तुम्ही म्हणालात, "अंगाजवळ धर. हाय तेवढाच दिसू दे." आणि चित्रासाठी त्याला ताटकळवायचं नाही. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवेतला श्वास घेते, म्हणून ती थोडा वेळ तग धरते. रोहू-कटल्याला ते जमत नाही. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याच थरामुळे माशाला रोग लागत नाही. माझ्या चित्रात मासा अगदी थोडा वेळ दिसतो, असं कुणी म्हटलं की मी तुमचं नाव अभिमानाने पुढे करतो.

उद्यमनगरात तसाच आणखी एक पाया करून घेतलाय. तो चिखलीकडच्या एका पोराला दिला. नवीन कयाक घेतलीय त्यानं, हौस दांडगी आहे, पण आवाजाचं अजून जमत नाही. येत्या रविवारी त्याला स्टुडिओत घेऊन येतो. त्या दिवशीचा चहा माझ्याकडून, एवढं मात्र ऐकाच.

तुमचा,
पंचगंगेवरचा विद्यार्थी