करिअरच्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांतून करिअर मार्गदर्शनाची पाने सुरू होतात. कोणत्या शाखेला किती गुण लागतात, फी किती, पुढे पगार किती, हे तीन रकाने त्यात हमखास असतात. ते काम आज कोण करते, त्यात शिरकाव कोणामार्फत होतो आणि ते करणाऱ्याला लोक मुलगी देतात का, हे मात्र कुठेच छापलेले नसते. धंदा टिकणार की आटणार याचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. यंत्र आणि बाजारभाव नंतर येतात. आमच्या भागातल्या गलाई व्यवसायाकडे, म्हणजे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्याकडे पाहिले की हे लख्ख दिसते.

विटा, खानापूर, आटपाडी, शेजारचे कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातले खटाव-माण हा सगळा कमी पावसाचा पट्टा. शेतीवर घर भागेना म्हणून इथली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी बाहेर पडली. आज केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत सराफी गल्ल्यांत त्यांची दुकाने आहेत. हा धंदा एका जातीचा नाही, शेतकरी घरांतली पोरे यात मोठ्या संख्येने आहेत. तो पसरला गावकी आणि भावकीच्या जोरावर. भट्टीजवळ दुसऱ्याचे सोने उघड्यावर असते, तिथे अनोळखी माणूस उभा करता येत नाही. म्हणून दुकानदार बहिणीचा मुलगा आणतो, चुलतभावाचा आणतो, नाहीतर शेजारच्या वाडीतला. पोराने हात मारला तर पोलिसांत जाण्याआधी गावात त्याच्या बापाला मान खाली घालावी लागते. एवढीच काय ती हमी, पण ती पुरत असे. पोरगा काही वर्षे राबायचा, राहणे-जेवण दुकानावरच, आणि हात बसला की मालकच त्याला दुसऱ्या गावी दुकान टाकायला पत द्यायचा. बँक नाही, प्रमाणपत्र नाही.

हात बसणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जुना दागिना आला की मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) सवागी, म्हणजे टाकणखार, टाकून वितळवतात आणि त्यात चांदी मिसळतात. सोन्यात चांदी कशाला घालायची, असे नवख्याला वाटते. पण बावीस कॅरेटचे सोने नुसतेच ॲसिडमध्ये टाकले तर ॲसिड आत शिरत नाही, आतली तांब्या-चांदीची भेसळ तशीच राहते. सोन्याच्या अडीच ते तीन पट इतर धातू झाले की ॲसिडला वाट मिळते. १० ग्रॅमच्या बावीस कॅरेट दागिन्यात ९.१६ ग्रॅम सोने असते, त्याला साधारण २२ ते २६ ग्रॅम चांदी लागते. चांदी कमी पडली तर गाभ्यात भेसळ राहते आणि टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, उतरतो. फार जास्त झाली तर सोन्याची इतकी बारीक पूड होते की धुताना पाण्याबरोबर निघून जाते. दोन्हीकडून नुकसान दुकानदाराचेच.

हा रस बारीक धारेने पाण्यात सोडून दाणे पाडतात. दाणे आधी निम्मे पाणी घातलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे, तांबूस धूर थांबला की द्रावण ओतून काढायचे, मग कडक ॲसिडचा दुसरा हात. ॲसिड पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. तळाशी राहते ती काळपट-तपकिरी पूड, तेच सोने. ते गरम पाण्याने धुवत राहायचे. धुवणाच्या पाण्यात मिठाची कणी टाकली आणि पाणी दुधाळ झाले नाही, म्हणजे चांदी निघाली. इथे नळाचे पाणी वापरले तर त्यातल्या क्लोराईडमुळे चांदी सोन्यावरच साक्यासारखी बसते, म्हणून शुद्ध केलेलेच पाणी लागते. ओतून काढलेल्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी खाली बसते. उरलेले निळे-हिरवे पाणी लोखंडाच्या तुकड्यांवर घालून त्यातले तांबे काढायचे आणि चुना टाकून ॲसिड मारायचे. हा शेवटचा टप्पा गाळला की ते गटारात जाते आणि गल्लीतले लोक तक्रारी करतात. त्या रास्तच असतात.

धुराबद्दल तर जितके सांगावे तितके थोडे. तांबूस धूर हवेपेक्षा जड असतो, तो खोलीच्या तळाशी साचतो. घशाला किंचित झोंबतो आणि विसरला जातो, पण काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, फुप्फुसात पाणी भरू शकते. जुन्या दागिन्यांच्या डाकात (सांधे जोडायच्या धातूत) कॅडमियम असते. ते ७६७ अंश सेल्सिअसला उकळते आणि सोने वितळते १,०६४ अंशांना. म्हणजे सोन्याचा रस होण्याआधीच कॅडमियमची वाफ नाकाशी आलेली असते. धूर बाहेर ओढणारा पंखा, उंच धुराडे आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून धूर काढणारी टाकी एवढी व्यवस्था हवीच. तोंडाला बांधलेला रुमाल काही अडवत नाही.

आता या धंद्याचे काय होत आहे ते पाहा. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांकही सक्तीचा झाला. टंच सांगणारी क्ष-किरण यंत्रे आली. यामुळे गलाई संपणार, असे अनेक जण म्हणतात. ते पटत नाही. जुने सोने मोडायला येतच राहणार आणि ते गाळावेच लागणार. यंत्र वरचा पातळ थर वाचते, जाड मुलामा असला की फसते, म्हणून कस लावणारा माणूसही लागणारच.

खरी अडचण माणसांची आहे. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी कराडजवळून उचलून खानापूर-आटपाडीच्या माळावर आणले, डाळिंब-द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण ज्या दुष्काळाने पोरे बाहेर लोटली तो सैल झाल्यावर पोरे दूर जाणार तरी कशाला? घरात एकच मुलगा, म्हणून द्यायला भाचा नाही. दुकानदाराची मुले तिकडेच शिकून इंजिनिअर होतात. आणि शिकलेली मुलगी लग्नाच्या बोलणीत सरळ विचारते, की नवरा परमुलखात ॲसिडच्या वासात आणि मी गावी सासू-सासऱ्यांजवळ, असे किती वर्षे? तिचे काही चुकत नाही.

मग दुकानात परका माणूस ठेवावा लागतो. त्याच्यावर भरवसा नसतो, म्हणून मालक त्याला धुणे-उकळणे सांगतो, पण चांदीचे प्रमाण आणि टंच स्वतःच्या मुठीत ठेवतो. परका शिकत नाही, शिकत नाही म्हणून टिकत नाही. भावकीची हमी गेली आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही आली नाही, गाठ पडली आहे ती इथे.

ऊसतोडीचेही तसेच. वाळवा, पलूस, कराड भागात हार्वेस्टरने मजुरांच्या पोटावर पाय आणला, अशी समजूत आहे. पण एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुले शाळेत टिकू लागली, सहा महिने त्यांना पालावर न्यायला आया नकार देऊ लागल्या, उचल घेऊन टोळी न येण्याचे प्रकार वाढले, म्हणून यंत्राला मागणी आली. त्या यंत्राला साडेचार-पाच फुटी सरी लागते, बांधाला वळायला मोकळी जागा लागते. दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे, लोळलेला ऊस, ओली जमीन यांत ते नीट चालत नाही, बुडखे चेंगरून खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणारे पुढचे पीक, बिघडतो. शिवाय शेंडा कुटून शेतातच उडवते, त्यामुळे वाढ्यावर जनावरे जगवणाऱ्यांचा चारा जातो. ज्या मुलाला या क्षेत्रात उतरायचे आहे त्याने यंत्राच्या हायड्रॉलिकचे काम आणि बुडख्याजवळची पाती बदलणे शिकावे, आणि लागणीच्या आधी शेतकऱ्याला सरी आखून द्यायला शिकावे.

उलट दिशेचे उदाहरण मिरजेत आहे. डॉ. वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ चे. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचे काम म्हणून त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतून परिचारिका व्हायला मुली येत नसत. आज त्याच शिक्षणासाठी सगळ्या समाजांतल्या मुलींची रांग असते. रुग्णाची सेवा तीच आहे, तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली.

मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांची मागणी सरली तेव्हा संस्थानच्या आणि गायक-वादकांच्या आश्रयाने त्यांनी भोपळा आणि तुणाचे लाकूड हाती घेतले. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शस्त्रे घडवणारा आहे, सोनार आहे, पण तंतुवाद्ये घडवणारा नाही आणि गलाईवालाही नाही. हे दोन्ही व्यवसाय त्या यादीत घ्यावेत, यासाठी जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी जोर लावावा.

आपल्या मार्गदर्शन पानावर प्रत्येक व्यवसायापुढे आणखी एक रकाना द्यावा, ही विनंती. काम शिकवतो कोण, घरापासून किती लांब राहावे लागते, शरीराला धोका कोणता आणि सावधगिरी कोणती, मुलींना तिथे जागा आहे का, एवढे त्यात असावे.

दुसरी मागणी शासनाकडे. विट्यात आयटीआयमार्फत गलाईचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू व्हावा. त्यात वजन-काटा, चांदीचे प्रमाण, ॲसिड व धुराची हाताळणी, भट्टीतली कस-परख, हॉलमार्कचे नियम आणि बिलाचे हिशेब असावेत. पुढची उमेदवारी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली लेखी व्हावी, म्हणजे मालकाला हमी मिळेल आणि पोराला दाखला. धुराची टाकी नसलेल्या दुकानात उमेदवार पाठवू नये. निम्म्या जागा मुलींना द्याव्यात. दागिन्याचा टंच तपासणाऱ्या परख केंद्रातले काम बसून करायचे, रसायनशास्त्राचे आणि नोंदींचे आहे. इथल्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुली ते उत्तम करतील. त्यांना हे काम आहे, एवढे तरी कोणी सांगायला हवे.

कळावे,
गलाई व्यवसायाशी निगडित एक वाचक,
विटा, जि. सांगली