घरातला कॉम्प्युटर तुझ्या जबाबदारीचा

चि. अमोघ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालास, “आई, माझ्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहेच काय?” ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

चोराला दर वेळी तुझ्या वस्तूच हव्या असतात असं नाही. पुष्कळदा त्याला तुझं यंत्र वापरायचं असतं. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने तेच केलं. लोकांच्या घरचे राउटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे इंटरनेटवर हुडकायचे आणि कारखान्यातून येताना असतात ते ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’सारखे साठेक पासवर्ड एकेक करून लावून बघायचे, एवढीच त्याची युक्ती. ज्यांनी ते कधी बदललेच नव्हते, त्यांची यंत्रं अलगद त्याच्या हाती गेली. २१ ऑक्टोबरला अशा हजारो यंत्रांनी एकदम अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर मारा केला. संकेतस्थळांचे पत्ते शोधून देण्याचं काम ती करायची. ट्विटर, नेटफ्लिक्स कितीतरी लोकांना तासन्‌तास उघडेनात. आणि ज्यांच्या घरातून हा मारा चालला होता त्यांचे कॅमेरे नेहमीसारखेच चालू! आपल्या घरातून दुसऱ्याला इजा होते आहे आणि आपल्याला गंधही नाही, हे मला पैसे जाण्यापेक्षा वाईट वाटतं. तुझ्या राउटरवर अजून तो बसवणाऱ्या माणसाने ठेवलेलाच पासवर्ड आहे ना?

अपडेटचंही तसंच. १२ मे २०१७ ला फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा ‘वॉनाक्राय’ व्हायरस पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. मधले जवळजवळ दोन महिने लोक ‘नंतर करू’ म्हणत राहिले. म्हणून अपडेट आपोआप होऊ देत. रात्री कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तर झाला.

दुकानवाल्याने घालून दिलेलं क्रॅक विंडोज, म्हणजे लायसन्सचे पैसे न भरता चालवलेली चोरटी प्रत, मात्र मला मुळीच मान्य नाही. क्रॅक चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, मग कोणी बनवली ते ठाऊक नसलेली फाइल आपण स्वतःच्या हाताने चालवायची. अरे, ज्याच्यापासून राखण करायची त्यालाच घरात घेतल्यासारखं झालं. लायसन्सचे पैसे जास्त वाटत असतील तर मी देते. तेही नको असेल तर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घाल. पण हे काढ.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत, एकट्याला ती उघडताच येत नसे. ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डबरोबर आणखी एक खूण मागणारं कुलूप, लाव, ते याचसाठी. आणि आधी ईमेललाच लाव, कारण बाकी सगळे पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते.

बँक बघून घेईल, या भरवशावर राहू नकोस. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये व्यापारी बँकांना पाठवलेल्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, की ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने पासवर्ड वगैरे दुसऱ्याला दिले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. काउंटरवर हे समजावून सांगताना समोरच्याचा चेहरा बघवत नसे. ‘केवायसीसाठी एवढं अ‍ॅप टाका’ म्हणणाऱ्याला स्क्रीनचा ताबा द्यायचा नाही, हे केतकीच्या बाबांनाही नीट सांग. तरी पैसे गेलेच, तर लाजत बसायचं नाही, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवणं. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

मुक्ता गेम खेळते तर तिला वेगळं अकाउंट करून दे, अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेलं. आणि ‘हे सगळं केतकीला कळतं, ती बघेल’ असं करू नकोस. कॉम्प्युटर तू आणलास, तूच बघ.

फोटोंची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतोस ते छान, पण ती कायम जोडलेली ठेवतोस. फायली कुलूपबंद करणारा व्हायरस आला तर तीही जाईल. कॉपी झाली की काढून कपाटात ठेव.

राउटरचा पासवर्ड आजच बदल, विंडोजचं रविवारी केलंस तरी चालेल. काही अडलं तर संध्याकाळी फोन कर. केतकीला आशीर्वाद, मुक्ताला गोड पापा.

तुझी,
आई