रबराचा राक्षस आणि बडोद्याचं पाणी

संपादक महोदय,

मागच्या रविवारच्या पुरवणीत आमच्या बडोद्याच्या पोरांनी काढलेल्या तळ्यातल्या राक्षसाच्या पिक्चरबद्दल जे छापून आलंय ते वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून लिहितेय. लिहिणाऱ्याने निम्म्याहून जास्त जागा राक्षस रबराचा दिसतो यावरच घालवलीय, पाठीवरची शिलाई दिसते, चालताना पाय दुमडतो, वगैरे वगैरे. दिसते शिलाई, मलाही दिसली. पण त्याआधीचा अर्धा तास हॉलमध्ये कुणी खुर्चीतून हललं नव्हतं त्याबद्दल एक ओळ नाही.

आणि तक्रार काय, तर अर्धा तास राक्षस दिसतच नाही! अहो तेच तर त्या पोरांना कळलंय. एक म्हातारी संध्याकाळी तळ्याच्या पायरीवर भांडी घासत बसलीय, मागे काळं पाणी आणि त्यात दोन लाल ठिपके, बाकी काही नाही. ती तांब्या विसळायला खाली वाकते, परत वर होते, ठिपके तिथेच आहेत पण जरासे जवळ. म्युझिक नाही, किंचाळणं नाही, फक्त तांब्या दगडाला लागल्याचा आवाज. माझ्या शेजारच्या काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला.

आता हे बडोद्याच्या माणसाला वेगळं सांगायला लागतं का? विश्वामित्री नदीतल्या मगरी आपण लहानपणापासून बघतोय, मगर कधी अख्खी दिसते? दोन डोळे आणि नाकपुड्या, बाकी सगळं पाण्याखाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या अकोट्याच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये कमरेच्या वर पाणी होतं, लाइट गेलेली, रात्री गॅलरीतून कुणीतरी टॉर्च मारला आणि स्कूटरच्या आरशापाशी दोन ठिपके चमकले. निखाऱ्यासारखे. कुणी काही बोललं नाही, टॉर्च धरलेला हात तेवढा थरथरत होता, आणि मग ते ठिपके विझले म्हणजे ती खाली गेली, आणि खाली जाऊन कुठे गेली हे कुणालाच कळेना. पाणी ओसरल्यावरसुद्धा दोन दिवस मी नातवाला जिना उतरू दिला नाही. ती रात्र मला त्या हॉलमध्ये जशीच्या तशी आठवली, आणि ज्या पिक्चरने ती आठवण करून दिली त्याला तुम्ही हसण्यावारी नेता?

ते डोळे कसे केले ते मी पाहिलंय कारण पोरं आमच्याच बिल्डिंगमधली आणि सगळा उद्योग वर आमच्या अगाशीत, म्हणजे गच्चीवर, चालला होता. सायकलच्या मागचे लाल रिफ्लेक्टर दोन, एका काळ्या रंगवलेल्या लाकडी पट्टीवर ठोकलेले, आणि पट्टीला उत्तरायणाच्या पतंगाच्या फिरकीतला दोरा बांधून समोरच्या काठावरून हळूहळू ओढायची. कॅमेऱ्याशेजारून टॉर्च मारला की रिफ्लेक्टर उजेड आला तसा परत फेकतो, मगरीच्या डोळ्याचंही तसंच, बुबुळाच्या मागे चमकणारा पडदा असतो. राक्षसाचं अंग म्हणजे जुन्या गाद्यांचा फोम, त्यावर रबराचे थर, दात एमसीलचे. पहिल्या दिवशी पादरा गावाकडच्या शेततळ्यात उतरवला तर फोमने इतकं पाणी प्यायलं की आतल्या पोराला उभं राहता येईना, चौघांनी ओढून काढला, मग फोम कापून आत रिकामे कॅन भरले आणि वरून रबराचा आणखी एक थर चढवला. हे सगळं अडतीस हजारात, ट्यूशनचे पैसे आणि एकाने विकलेली बाइक.

आणि हे बडोद्यात होतंय याचं तरी काही वाटायला हवं ना तुमच्या माणसाला? दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले, पेंटिंग, फोटोग्राफी, साचे बनवणं, सगळं. पुढे विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेला गेले, कॅमेरा आणला, १९१३ ला राजा हरिश्चंद्र काढला. आणि १९१९ च्या कालिया मर्दनमध्ये पाण्यातला अक्राळविक्राळ प्राणी पडद्यावर आणला तो माणसाच्या हाताने बनवलेला नागच होता, आणि त्याच्याशी झुंजणारा कृष्ण म्हणजे त्यांची स्वतःची लहान मुलगी मंदाकिनी. भुताखेताचे पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंचंही तेच, १९७२ चा दो गज जमीन के नीचे त्यांनी महाबळेश्वरला घरच्याच माणसांना घेऊन शूट केला, एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक साउंडवर, दोघं डायरेक्शनला. पैसा नव्हता म्हणून कुणी थांबलं नाही.

पिक्चरमध्ये चूक नाही असं मी म्हणत नाही. शेवटची सात-आठ मिनिटं हॅलोजनच्या भगभगीत उजेडात राक्षसाला काठावर उभा केलाय तिथे सगळं ढेपाळतं. ओला होता तोवर रबर कातडीसारखं दिसत होतं, बाहेर येऊन सुकला आणि फोम झाला. हे मी पोरांना तोंडावर सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. तुमच्या माणसाने एवढं जरी लिहिलं असतं तरी त्यांच्या कामाला आलं असतं, नुसत्या शिलाईला हसून त्यांनी काय शिकायचं? ज्या पोराने ती शिलाई घातली तो तुमचा लेख आल्या दिवसापासून अगाशीत फिरकलेला नाही.

शेवट परत शूट करायचं ठरलंय, फक्त डोळे आणि पाणी ठेवून. दिवाळीनंतर त्याच हॉलमध्ये शो ठेवतील, तेव्हा त्याच लेखकाला परत पाठवा, पुढच्या रांगेतली खुर्ची मी राखून ठेवते.

आपली,
एक नियमित वाचक
अकोटा, बडोदा