लिव्हरपूलच्या काकांना, ओल्या पावलांबद्दल

प्रिय काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच जेवलीस का विचारता. म्हणून हे जाहीर पत्र.

इंग्रज चित्रकार रेक्स व्हिस्लरवर प्रबंध लिहायला घेतला, पण त्याचं एकही मोठं काम मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. गलिव्हरच्या सफरींसाठी १९३० साली काढलेली चित्रं, जुन्या इंग्रज चित्रकार होगार्थच्या चित्रमालिकेवर बेतलेल्या १९३५ च्या बॅलेचं नेपथ्य, सगळं छापील पानांवरून. लिखाण अडलं होतं. तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानिशी गाडी काढलीत आणि मला वेल्समधल्या अँगलसी बेटावर, प्लास नेविद या वाड्यात नेलंत.

तिथल्या जेवणाच्या दालनात ५८ फुटी कॅनव्हासवर त्याने अख्खं बंदर रंगवलंय. मी फोटो काढायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "आधी चालून बघ." नजर चित्रावर ठेवून चालले, आणि डोंगर माझ्याबरोबर वळत गेले! मग तुम्ही ती ओली पावलं दाखवलीत. समुद्रदेव नेपच्यून समुद्रातून वर येऊन गेलाय; मुकुट आणि त्रिशूळ मागे राहिलेत. पात्र दिसतच नाही, फक्त त्याची एंट्री दिसते. हा भिंतीवरही नेपथ्यच करत होता, हे मला तिथे कळलं. प्रबंध तिथून सुरू झाला.

चित्रातला झाडू घेतलेला माळी म्हणजे व्हिस्लर स्वतः. त्या घरातल्या कॅरोलाइनवरचं त्याचं प्रेम तडीला गेलं नाही. १८ जुलै १९४४ ला नॉर्मंडीत, त्याच्या लढाईतल्या पहिल्याच दिवशी, तारांत अडकलेला रणगाडा सोडवायला उतरला आणि उखळी तोफेच्या गोळ्याने गेला. वय ३९. त्या माळ्यासमोरून माझा पाय निघेना. तुम्ही घाई केली नाहीत.

परतताना लंडनच्या टेट कलादालनातल्या उपाहारगृहात असलेल्या त्याच्या भित्तिचित्राचा विषय मी टाळत होते. तुम्ही टाळू दिला नाहीत. १९२७ सालच्या त्या चित्रात एका काळ्या मुलाला गुलाम करून दोरीने ओढत नेलंय. त्याखाली लोक वर्षानुवर्षं जेवत होते. २०२० पासून ते उपाहारगृह बंद आहे आणि २०२४ मध्ये तिथेच कलावंत कीथ पायपर यांची उत्तरादाखल फिल्म लागली. "आवडतो म्हणून हे गाळू नकोस," म्हणालात. ते प्रकरण लिहिताना खूप त्रास झाला. आज तेच मला सर्वांत खरं वाटतं.

आता एका नाटकाचा मागचा पडदा रंगवतेय. वाळला की कळवते. प्रयोगाआधी तुम्ही एकदा त्याच्यासमोरून चालून बघा.

तुमची,
गाडीत शेजारी बसून टिपणं काढणारी पुतणी