कचारगडला या, पण स्पीकर घरी ठेवून या

संपादक साहेब, नमस्कार.

मागे तुमच्या पुरवणीत सहलीच्या ठिकाणांत सालेकसा तालुक्यातल्या कचारगडचं नाव आलं, बरं वाटलं, पण खाली नुसतं गुफा, जंगल, फोटोसाठी मस्त एवढंच होतं, अन् आता रविवारी तिथं जे होऊन राहिलं ते पाहून लिहावं लागलं.

हा काही पिकनिक स्पॉट नाही हो. गोंड समाजाचं हे मूळस्थान, माघ पौर्णिमेच्या जत्रेला छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून लोक येतात. गोंडांची आई मानतात त्या कली कंकालीच्या 33 पोरांना शंभूनं गुफेत कोंडून तोंडावर भलीमोठी शिळा लावली, जंगो रायतड देवीनं त्या पोरांना जीव लावला, अन् शिळा हटवताना किंगरी (तारेचं वाद्य) वाजवणारा हिरासुका पाटालीर तिच्याखालीच दबून गेला, अशी कथा सांगतात. अन् आपले पोट्टे तिथल्याच दगडांवर ऑइल पेंटनं बदाम काढून नावं लिहून राहिले! काय म्हणावं?

जागा खरंच भारी आहे. गोंदिया-डोंगरगड लोकलनं दरेकसाला उतरायचं, मग धनेगाव, अन् तिथून चढ. वर घराएवढाले दगड एकमेकांवर रेललेले, काही फटींत बॅग पाठीवरून काढून पुढं ढकलावी लागते, मगच माणूस आडवा होऊन निघतो, अन् हाताला दगड भर उन्हातही गार लागतो. पण वरच्या कपारीत आग्यामोहोळ लटकलेलं असते, तिथं कोणी सिगारेट पेटवतो, कोणी स्पीकर लावतो, कोणी अंगभर डिओ मारून येतो. माश्या उठल्या तर त्या दगडांतून पळायचं कुठं, हे कोणाच्याच डोक्यात नसते. फोनला रेंजही धड नाही.

माझं म्हणणं एवढंच, की गावातल्या पोरांना गाइड म्हणून ठेवा, त्यांचे पैसे ठरवून द्या, त्यांच्याशिवाय कोणाला वर सोडू नका. दोन पैसे गावात राहतील, अन् दगडामागं बाटल्या फोडणाऱ्याला टोकणारं कोणीतरी असेल. पायथ्याशी मोहोळाचा बोर्ड लावायला तर फार खर्चही नाही, पण ज्यांचं काम आहे ते कागद इकडून तिकडं फिरवून राहिले.

अन् जमलं तर हे पत्र शुक्रवारच्या अंकात घ्या, सोमवारी छापून काय उपयोग, तोवर पब्लिक जाऊन आलेली असते.

— एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)