पैलवानाबद्दल सगळं खरं सांगणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

शेल्टरमधून जनावर घरी नेणारी माणसं तुम्हाला सतत भेटत असणार, म्हणून आधी ओळख देते. पैलवानाला नेलं ती मी. डाव्या कानाची किनार फाटलेला, गाल फुगलेला, शेवटच्या पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसणारा बोका. आता आठवला असेल! फोनवर मी 'थँक्यू ताई' म्हणून मोकळी होते खरी, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून हे पत्र, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडं.

मी तुम्हाला फक्त त्याचं वय विचारलं होतं. तुम्ही वयाच्या आधी म्हणालात, "याला एफआयव्ही आहे. ते ऐकून घ्या, मग पिंजरा उघडते." एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, हे नाव ऐकल्यावर कितीजण पुढच्या पिंजऱ्याकडे वळले असतील, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? जनावर एकदा घरी गेलं की लळा लागतो, मग हळूच सांगू, असा हिशेब करणारेही असतात. तुम्ही तो केला नाहीत. माझे आभार मुख्यतः त्यासाठी आहेत.

बरं, नाव सांगून मला घाबरत सोडलं असतंत तरी तुमचं कर्तव्य झालं असतं. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि सगळं नीट उलगडून सांगितलंत. हा विषाणू एचआयव्हीच्याच कुळातला, पण मांजरांचा. माणसाला लागत नाही, कुत्र्याला लागत नाही. पसरतो तो मुख्यतः खोल चाव्यातून, म्हणून नसबंदी न झालेल्या, रस्त्यावर हद्दीसाठी भांडणाऱ्या बोक्यांमध्ये जास्त दिसतो. एका वाटीतून पाणी प्यायल्याने किंवा एकमेकांना चाटल्याने लागण होण्याची शक्यता फार कमी. प्रतिकारशक्ती हळूहळू उतरते, पण घरात राहणारी, वेळेवर डॉक्टरांना दाखवलेली पुष्कळ मांजरं वर्षानुवर्षं धडधाकट जगतात. नंतर मी वाचलं की हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला तो १९८६ साली, कॅलिफोर्नियात. त्याआधीही तो मांजरांच्या अंगात होताच. नाव मिळालं आणि लोक दचकायला लागले. 'मांजरांचा एड्स' हे तर मला सरळ चहाडखोर नाव वाटतं. त्याने कुठल्याही मांजराचं आजवर भलं झालेलं नाही.

पिल्लांबद्दल तुम्ही जाताजाता जे बोललात तेही इथे लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) शोधते. आईच्या दुधातून ती पिल्लात उतरतात, त्यामुळे पिल्लाला लागण नसतानाही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासायचं, तोवर त्याच्या कपाळावर शिक्का मारायचा नाही.

त्या दिवशी मी लगेच 'नेते' म्हटलं, तर तुम्ही फॉर्म पुढे केलाच नाहीत. "घरी जा, घरात कोण कोण आहे त्यांच्याशी बोला, मग या." संध्याकाळी आईने तुम्हाला फोन करून हजार शंका विचारल्या. तिच्या वयाच्या बाईला काही होईल का, त्याने ओरखडलं तर काय, अंथरुणात आला तर काय. तुम्ही एकदाही हसला नाहीत की 'मी सांगितलंय ना तुमच्या मुलीला' म्हणाला नाहीत. ओरखडा कुठल्याही मांजराचा असो, साबणाने खळखळून धुवायचा आणि लाल झाला तर डॉक्टरांना दाखवायचा, हे तुमचं वाक्य आई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते.

आणि निघताना म्हणालात ते: "नाही जमलं तर परत आणा. लाजून बाहेर सोडून देऊ नका." मला नाही वाटत दुसरं कुठलं वाक्य माझा जीव इतका हलका करू शकलं असतं. परतीची वाट उघडी आहे म्हटल्यावर घाई संपली.

सुरुवातीला तो पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्याला एकच छोटी खोली दिली, लिटर बॉक्स एका कोपऱ्यात, खाणं त्यापासून लांब, आणि ओढून काढायचं नाही. रात्री वाटी रिकामी होत होती, म्हणून मी गप्प राहिले. सलग दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट बघायची नाही, मांजराचं यकृत उपास सहन करत नाही, हे तुम्ही कागदावर लाल पेनाने लिहून दिलं होतंत. तो कागद अजून फ्रिजवर आहे. जमिनीवर पडून त्याच्याकडे बघत डोळे सावकाश मिटायचे आणि उघडायचे, हा तुमचा उपाय मला आधी गमतीचा वाटला. मग कळलं की २०२० साली यावर रीतसर अभ्यास झालाय आणि मांजरं अशा माणसाकडे जास्त सहज येतात. पैलवानाने पहिल्यांदा उलट डोळे मिचकावले तेव्हा मी आनंदाने ओरडले आणि तो पुन्हा आत पळाला. असो.

सगळ्यात मोठा उपकार दातांचा. या आजारात तोंड आधी दुखतं, असं तुम्ही सांगून ठेवलं होतं. एक दिवस तो दाणा तोंडात घेऊन मान तिरकी करायला लागला, एका बाजूने चावायचा, अर्धा दाणा खाली पडायचा, आणि मग पंजाने ओठ पुसायचा. दुसऱ्या कुणाला ते लाडिक वाटलं असतं. आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. हिरड्या लालभडक होत्या. मागच्या बाजूचे बरेच दात काढावे लागले. आता गडी उरलेल्या दातांवर आणि हिरड्यांवर कोरडा खाऊसुद्धा मटामट संपवतो, वजन वाढलंय. नसबंदीनंतर गालही बसत चाललेत, त्यामुळे पैलवान आता नुसता नावाचा.

एक विनंती आहे. मागे आले तेव्हा त्याच्या जुन्या पिंजऱ्यात एक पांढरी मांजरी दिसली, कार्डावर तीच तीन अक्षरं. तिला बघायला आलेलं कुणी ते वाचून मागे सरकलं, तर माझा नंबर खुशाल द्या. दातांच्या खर्चासकट सगळं सांगेन, काही लपवणार नाही. आईलाही फोनवर बसवीन.

तुमची,
पैलवानाच्या घरची